हात आखडता

कार्डावर अक्षर मेनाचं, शाई विटलेली:
दूध एक पाइंट, अंडी चार,
साखर चार चमचे,
जायफळ दिसेल इतकं.

मेना वरच्या खोलीत, पाय उशीवर.
नर्स मंगळवारी पट्टी बदलते
आणि निघताना मला बजावते,
साखर जपून हं, मिस्टर पॅरी,
जणू साखर मीच खाणीतून काढून आणतो.

खाणीतून मी आणल्या त्या छपराच्या पाट्या.
ब्लायनायच्या शेडमध्ये बावीस वर्षं
एकेका ठोकळ्यातून सोळा सोळा काढल्या.
छिन्नी टेकवायची, कान द्यायचा,
दगड स्वतः सांगतो कुठे उलगडायचंय.
अंडं काहीच सांगत नाही.
पहिलं फुटलं ते अर्धं बाहीवर.

दूध तापवायचं, पण कढ येऊ द्यायचा नाही.
काठाला बारीक बुडबुडे धरले की उतरवायचं
आणि अंड्यांवर ओतायचं, बारीक धारेनं.
घाई केलीत तर अंडं शिजतं,
दुधात चिंध्या तरंगतात.
फेटायचं नाही, फेस होतो. नुसतं ढवळायचं,
झोपलेल्या माणसाला हलवावं तसं.
मग गाळायचं.
मी चहाच्या गाळणीनं गाळलं, थोडं कडेनं निसटलं.
मोठी गाळणी कुठे असते
हे बावन्न वर्षांत मी विचारलेलं नाही.

साखरेपाशी थांबलो.
एक चमचा घातला. दुसरा घातला.
तिसरा भरून डब्यावर धरला.
खिडकीबाहेर टाकाऊ पाट्यांचा डोंगर,
पावसानं काळा, चकचकीत.
चमचा डब्यातच पालथा केला.
दोन. निम्मे.
उरलेलं जायफळानं बघून घ्यावं.

मोठ्या ट्रेमध्ये गरम पाणी, पाण्यात भांडं,
थेट आच लागता कामा नये.
पाऊण तास मी खुर्ची ओढून
ओव्हनच्या काचेसमोर बसलो.
कडा धरल्या, मधे अजून थरथर:
तेव्हाच काढायचं.
सगळं थिजेपर्यंत थांबलास तर उशीर झाला,
हे ती एकदा दुसऱ्या कुणाबद्दल म्हणाली होती,
मला वाटतं माझ्या भावाच्या लग्नाबद्दल.

कोमट झाल्यावर वर नेलं.
तिनं नेहमीसारखी आधी कड खाल्ली,
वरची तपकिरी साय.
मग मधला घास.
मग चमचा बशीत.
"फार गोड झालंय."

दोनच घातलेत, मी म्हटलं. कार्डावर चार आहेत.
"कार्ड आपल्या लग्नाच्या वर्षीचं आहे, एम्रिस."

त्यानंतर तीन वर्षांनी माझे वडील गेले,
आधी बोटं, मग पाय, मग डोळे,
साखरेनं त्यांना हप्त्याहप्त्यानं नेलं.
तेव्हापासून ती हात आखडता घेत आली.
एका नाताळाला अर्धा चमचा कमी,
पुढच्या ईस्टरला आणखी पाव.
मी दर रविवारी वाटी चाटूनपुसून द्यायचो
आणि पाहुण्यांना सांगायचो,
हिच्या हातासारखं गोड कुणाला जमत नाही.
ताकास तूर लागू दिली नाही तिनं.

"मग हल्ली किती?"
"एक. तोही सपाट."

दगडाला कान देणारा मी,
आणि माझ्याच वाटीतून कुणी
इतकी वर्षं पातळ पातळ थर काढत होतं,
मला ठोकाही ऐकू आला नाही.

"आणि तू? तूही तेच खायचीस ना?"
ती खिडकीकडे बघू लागली.
"माझ्या वाटीत मी वरून घालायचे.
स्वयंपाकघरात. तू पेपर वाचत असताना."
मग हसली, इतकी की पाय उशीवरून घसरला.
मी पाय परत वर ठेवला.
मला हसू आलं नाही. जरा वेळानं आलं.

खाली येऊन कार्डावरचा चार तसाच ठेवला,
शेजारी पेन्सिलीनं एक लिहिला. सपाट.
बशी विसळत होतो तेवढ्यात वरून हाक:
"घासात गुठळी लागली मला.
मोठी गाळणी सिंकखालच्या कपाटात असते,
डावीकडे, बादलीमागे!"